क्वांटमवाल्या शास्त्रज्ञाचं काम कसं वाचायचं : पेपर, सायटेशन आणि एच-इंडेक्स

जेस्ट या फिजिक्सच्या पीएचडी प्रवेश परीक्षेचा निकाल लागला की एमएस्सी फिजिक्सच्या मुलामुलींचे मेसेज सुरू होतात, की अमक्या सरांचा एच-इंडेक्स ३५ आहे आणि तमक्या मॅडमचा १४, तर पीएचडीला कुणाकडे अप्लाय करू. प्रश्न रास्त आहे, पाच-सहा वर्षं एका माणसाच्या हाताखाली काढायची म्हणजे चौकशी करायलाच हवी, आणि गूगल स्कॉलरवर तो आकडा उजव्या बाजूला ठळक दिसतोच. पण नुसत्या त्या आकड्यावर ठरवणार असाल तर जरा थांबा. एच-इंडेक्स ३५ म्हणजे ३५ पेपर असे की प्रत्येकाला ३५ किंवा जास्त सायटेशन, आणि सायटेशन म्हणजे कुणीतरी कुठल्यातरी पेपरात आधीच्या पेपरचा संदर्भ देत लिहिलेलं एक वाक्य असतं, आणि ती वाक्यं उघडून वाचल्याशिवाय त्यांच्या बेरजेला काही अर्थ नाही असं माझं ठाम मत आहे. ती कशी शोधायची, कशी वाचायची आणि मधे कुठे कुठे फसायला होतं ते सगळं सांगतो.

हाताशी एक माणूस असला की बरं पडतं म्हणून मधे मधे जॉन बेलचं उदाहरण घेईन. बेलफास्टचा, १९२८ चा जन्म, १९६० पासून जिनिव्हाला सर्नमध्ये नोकरी, १९९० मध्ये अचानक गेला. क्वांटममध्ये ज्याच्या नावाची इनइक्वॅलिटी (दूर असलेल्या दोन कणांच्या मोजमापांत किती मेळ असू शकतो याची मर्यादा, जी क्वांटम मोडतं) पहिल्याच सेमिस्टरला कानावर पडते तोच हा.

आधी माणूस बरोबर पकडा

हे ऐकायला किरकोळ वाटेल पण निम्मा घोळ इथेच होतो. एस. पाटील, ए. जोशी, ए. कुमार, वाय. वांग असली नावं टाकून अर्काइव्हवर (arXiv, जिथे छापण्याआधीचे पेपर, म्हणजे प्रीप्रिंट, टाकतात ती साइट) सर्च मारलात तर पाच-दहा वेगवेगळ्या माणसांचे पेपर एका यादीत येणार. गूगल स्कॉलरची प्रोफाइल ज्याची त्याने बनवलेली असते, आणि नवे पेपर आपोआप जोडायचा पर्याय चालू असेल तर दुसऱ्याच कुणाचे पेपर त्यात येऊन बसतात आणि कुणी लक्ष दिलं नाही तर वर्षानुवर्षं तिथेच राहतात. म्हणून प्रोफाइल उघडली की आधी वर्षाच्या कॉलमवर क्लिक करून यादी तारखेने लावा आणि वरपासून खालपर्यंत सगळी शीर्षकं वाचून काढा. एन्टँगलमेंटवर (क्वांटम कणांचं एकमेकांत गुंतणं) काम करणाऱ्या माणसाच्या यादीत मधेच सोयाबीनच्या वाणावरचा किंवा सिमेंटच्या मजबुतीवरचा पेपर दिसला तर वरच्या एकूण आकड्यावर विश्वास ठेवू नका. सायटेशनच्या आकड्याशेजारी छोटी चांदणी दिसली तर तिकडेही बघा, त्याचा अर्थ असा की त्या आकड्यात दुसऱ्या एखाद्या पेपरचे सायटेशनही मिसळलेले असू शकतात.

उलटंही होतं. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं, त्यामुळे एस. व्ही. कुलकर्णी लग्नानंतर एस. ए. देशपांडे होते आणि तिचं अर्धं काम एका नावावर आणि अर्धं दुसऱ्या नावावर पडतं, आणि दोन्हीकडचे आकडे निम्मे दिसतात. अशा वेळी ऑर्किड (ORCID) हा संशोधकाचा ओळख नंबर शोधा, तो १६ अंकांचा असतो आणि माणसाला चिकटलेला असतो, नावाला नाही. बऱ्याच जर्नलमध्ये लेखकाच्या नावाशेजारी छोट्या हिरव्या गोल खुणेवर तो मिळतो. आणि एकाच घरातली माणसं एकाच विषयात असली तर इनिशिअलकडे नीट बघा. पोलंडमध्ये ग्दान्स्कचं होरोडेत्स्की घराणं प्रसिद्धच आहे, रिशार्ड, पावेल, मिहाऊ आणि कारोल, चौघंही क्वांटम इन्फर्मेशनमध्ये आणि २००९ चा एन्टँगलमेंटवरचा तो भलामोठा रिव्ह्यू (विषयाचा आढावा घेणारा पेपर) चौघांनी मिळून लिहिलेला. तिथे नुसतं आडनाव बघून काहीही ठरवता येत नाही.

आणि ज्यांची प्रोफाइलच नाही त्यांना लगेच काट मारू नका. काही फार चांगले लोक या भानगडीत पडत नाहीत. त्यांच्या इन्स्टिट्यूटच्या पानावर यादी असते ती घ्या आणि एकेक शीर्षक टाकून बघा, तासाभराचं काम आहे.

कुठल्या खिडकीतून बघताय

गूगल स्कॉलर, स्कोपस, वेब ऑफ सायन्स, इन्स्पायर, नासाचं एडीएस, हे सगळे पेपर आणि सायटेशनचे डेटाबेस, आणि यातल्या प्रत्येकात एकाच माणसाचा आकडा वेगळा येतो आणि त्यात कुणी खोटं बोलत नसतं. स्कॉलर प्रीप्रिंट, थिसिस, लेक्चर नोट्स, पेटंट सगळं मोजतो म्हणून त्याचा आकडा जवळपास नेहमीच मोठा. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स निवडक जर्नल आणि कॉन्फरन्सच घेतात, आणि पूर्ण बघायला लायब्ररीचं सबस्क्रिप्शन लागतं. स्कोपसवर लेखकाचं पान फुकटात थोडंफार दिसतं, तेवढ्यावर सुरुवात होऊ शकते. नियम एकच, दोन माणसांची तुलना करायची असेल तर दोघांचे आकडे एकाच ठिकाणचे घ्या. एकाचा स्कॉलरचा आणि दुसरीचा स्कोपसचा शेजारी शेजारी ठेवायचा नाही.

क्वांटमवाल्यांचं खरं घर मात्र अर्काइव्ह. पॉल गिन्सपार्गने १९९१ मध्ये लॉस अलामॉसला ते सुरू केलं आणि क्वांटमचा स्वतंत्र विभाग १९९४ मध्ये उघडला, तेव्हापासून या विषयातला बहुतेक पेपर आधी तिथे येतो आणि जर्नलमध्ये मागून. किती मागून याला धरबंद नाही. अलेक्सी किताएवचा एनिऑन नावाचे कण वापरून चुका सहन करणारा क्वांटम कॉम्प्युटर कसा बनवायचा हा पेपर अर्काइव्हवर १९९७ मध्ये आला आणि अॅनल्स ऑफ फिजिक्समध्ये छापला गेला २००३ ला. मधल्या सहा वर्षांत लोक तो वाचत होते, वापरत होते, त्यावर पुढचं काम करत होते, आणि फक्त जर्नलच्या तारखा बघणाऱ्याला वाटेल की हा माणूस तेव्हा गप्प बसला होता. पीटर शोरचा फॅक्टरिंगचा (मोठ्या संख्येचे अवयव पाडण्याचा) अल्गोरिदम घ्या, १९९४ ला कॉन्फरन्समध्ये, १९९५ ला अर्काइव्हवर, १९९७ ला जर्नलमध्ये, १९९९ ला पुन्हा दुसऱ्या जर्नलमध्ये. सायटेशन या सगळ्यांत वाटले जातात. म्हणून एखाद्या पेपरचा आकडा बघताना त्याच्या सगळ्या आवृत्त्या उघडा, स्कॉलरवर प्रत्येक नोंदीखाली तशी लिंक असते.

यातलं मला सगळ्यात जवळचं वाटणारं उदाहरण बेंगळुरूचं आहे. क्वांटम क्रिप्टोग्राफीचा पाया मानला जाणारा बेनेट आणि ब्रासारचा पेपर, ज्याला सगळे बीबी ८४ म्हणतात, तो कुठल्या मोठ्या जर्नलात आलेला नाही. डिसेंबर १९८४ मध्ये बेंगळुरूला आयईईईची कॉम्प्युटर, सिस्टिम आणि सिग्नल प्रोसेसिंगची कॉन्फरन्स भरली होती, तिच्या प्रोसीडिंगमध्ये (कॉन्फरन्समधल्या पेपरांच्या संग्रहात) पान १७५ ते १७९, एवढाच तो. कितीतरी वर्षं लोक मूळ पेपर हातात न घेताच त्याचा संदर्भ देत राहिले कारण ती प्रोसीडिंग सहज मिळायचीच नाही. शेवटी २०१४ मध्ये थिऑरेटिकल कॉम्प्युटर सायन्स या जर्नलने तो परत छापला, आणि आता त्याच्या नोंदी दोन ठिकाणी आहेत. जर्नलचं नाव बघून पेपरची लायकी ठरवणाऱ्यांनी ही पाच पानं डोळ्यांपुढे ठेवावीत.

एच-इंडेक्स हाताने काढून बघा

एकदा हाताने काढला की त्याची भीती जाते. समजा एका मॅडमचे आठ पेपर आहेत आणि त्यांचे सायटेशन उतरत्या क्रमाने ९०, ४१, २२, ९, ७, ६, ३, १ असे आहेत. आता वरून मोजत या, सहाव्या पेपरला ६ सायटेशन आहेत म्हणजे कमीत कमी सहा पेपर असे की प्रत्येकाला सहा किंवा जास्त, सातव्याला मात्र ३ च आहेत म्हणून तिथे अडलं. एच-इंडेक्स ६. स्कॉलर जो आय-टेन दाखवतो तो म्हणजे दहा किंवा जास्त सायटेशनचे पेपर किती, इथे तीन. आता गंमत करा, पहिल्या पेपरचे ९० खोडून ९००० लिहा. एच-इंडेक्स तरीही ६ च राहतो. म्हणजे एखाद्याने अख्खा विषय फिरवणारा एकच पेपर लिहिला असेल तर या आकड्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

हे माप सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या होर्हे हर्श या फिजिक्सवाल्यानेच २००५ मध्ये काढलं. त्याने तेव्हा अंदाज दिला होता की अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठात फिजिक्समध्ये असोसिएट प्रोफेसर म्हणून कायम होताना एच साधारण १२ आणि प्रोफेसर होताना १८ च्या आसपास असावा. आणि एक काम त्याने चांगलं केलं, एच ला पहिल्या पेपरपासूनच्या वर्षांनी भागायला सांगितलं. हा भागाकार नेहमी करा. पस्तीस वर्षं काम केलेल्या सरांचा ३५ म्हणजे वर्षाला १ आणि दहा वर्षांपूर्वी पहिला पेपर लिहिलेल्या मॅडमचा १४ म्हणजे वर्षाला १.४, सुरुवातीच्या प्रश्नातलं चित्र एवढ्यानेच उलटलं की नाही. तरीही हे फक्त पहिलं चाळण समजा. खुद्द हर्शनेच २०२० मध्ये लिहिलंय की या मापाचे गंभीर उलटे परिणाम होऊ शकतात, कारण प्रवाहाविरुद्ध काम करणाऱ्याला त्याने फटका बसतो.

फुगलेले आकडे ओळखा

प्रत्येक पेपर एका जातीचा नसतो. रिव्ह्यू पेपरला सायटेशन धो धो मिळतात कारण प्रस्तावनेत एक वाक्य लिहून त्याकडे बोट दाखवणं सोपं असतं. पाठ्यपुस्तकाचं तसंच, नील्सन आणि च्वांग यांच्या २००० सालच्या पुस्तकाला या विषयातल्या जवळपास कुठल्याही मूळ पेपरपेक्षा जास्त सायटेशन असतील. चांगला रिव्ह्यू लिहिणं हे मोठं काम आहे आणि मी त्याला अजिबात कमी लेखत नाही, पण कुणाच्या एकूण आकड्यातला अर्धा भाग एका रिव्ह्यूचा आहे का हे तुम्हाला माहीत असायला हवं. यादीतला सगळ्यात वरचा पेपर बाजूला काढून उरलेली यादी बघायची सवय लावा.

मग लेखकांची संख्या. गूगलचा २०१९ चा सायकामोर चिपवरचा नेचरमधला पेपर, ५३ क्युबिटवाला (क्युबिट म्हणजे क्वांटम कॉम्प्युटरचा बिट), त्याला सत्तरच्या वर लेखक आहेत. प्रत्येकाच्या प्रोफाइलवर त्याचे हजारो सायटेशन पूर्णच्या पूर्ण जमा होतात, वाटून नाही. आणि त्यात पहिलं नाव फ्रँक अरुट, दुसरं कुणाल आर्य, कारण शेवटची एक-दोन नावं सोडली तर यादी आडनावाच्या एबीसीडीने लावलेली आहे. थिअरीच्या आणि गणिताकडे झुकणाऱ्या बऱ्याच पेपरांत अशीच एबीसीडी असते, तिथे पहिला लेखक म्हणजे मुख्य असं काही नसतं. एक्सपेरिमेंटवाल्यांत मात्र बहुतेक वेळा ज्याने हाताने काम केलं तो विद्यार्थी पहिला आणि लॅबचा प्रमुख शेवटी. कुठली पद्धत आहे हे त्या ग्रुपचे चार-पाच पेपर बघितले की कळतं, आणि शंका असेल तर बऱ्याच पेपरांच्या शेवटी कुणी काय केलं याचा छोटा परिच्छेद असतो तो वाचा. फार कमी लोक वाचतात तो, पण गाइड शोधणाऱ्याला त्याच्याइतकं कामाचं दुसरं काही नाही.

एक्सपेरिमेंट आणि थिअरी एका तराजूत तर घालूच नका. सुपरकंडक्टिंग क्युबिटची लॅब म्हणजे दहा-वीस मिलिकेल्विनपर्यंत थंड करणारा फ्रिज मागवायचा, बसवायचा, वायरिंग, अॅम्प्लिफायर, सिग्नलमधला गोंगाट कमी करणं, यात वर्षं जातात आणि त्या काळात पेपर येत नाहीत. नॅशनल क्वांटम मिशनला एप्रिल २०२३ मध्ये ६००३.६५ कोटींची मंजुरी मिळाली, आयआयटी मुंबईला सेन्सिंगचं हब आलं, बेंगळुरूच्या आयआयएससीला कॉम्प्युटिंगचं, मद्रासला कम्युनिकेशनचं, दिल्लीला मटेरियलचं, आणि त्यामुळे ठिकठिकाणी नवीन माणसं लॅब उभारताहेत. त्यांचे आकडे आज लहान असणारच. अशा ठिकाणी मागची पोस्टडॉकची वर्षं बघा, तिथे त्यांनी स्वतः काय बनवलं होतं ते बघा.

स्वतःच स्वतःला साइट करणं हा वेगळा विषय. थोडं तर सगळेच करतात, आधीच्या पेपरवर पुढचा उभा असतो त्यामुळे करावंच लागतं. पण स्कोपसवर स्वतःचे सायटेशन वगळून आकडा बघायची सोय आहे, ती दाबून बघा, आकडा निम्म्यावर आला तर विचार करा. स्कॉलरवर ती सोय नाही आणि तिथे भेसळ किती सहज होते हे ग्रॅनाडा विद्यापीठातल्या लोकांनी २०१२ मध्ये करून दाखवलं, एका काल्पनिक लेखकाच्या नावाने सहा खोटी कागदपत्रं विद्यापीठाच्या साइटवर टाकली आणि त्यात उल्लेख केलेल्या माणसांचे आकडे खरोखर वाढले.

जर्नल खरं की पैसे घेऊन काहीही छापणारं, हेही आता तुमचं तुम्हालाच बघायचंय. यूजीसी-केअर ही मान्य जर्नलांची यादी होती, जिचं काम आपल्या पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातून चालायचं, ती २०२५ मध्ये यूजीसीने बंद केली. क्वांटममध्ये सोपी खूण सांगतो, त्या माणसाचे बहुतेक पेपर अर्काइव्हवर आहेत का आणि फिजिकल रिव्ह्यूची जर्नलं, न्यू जर्नल ऑफ फिजिक्स किंवा क्वांटम नावाचं जर्नल यांत काही आलंय का. हे क्वांटम जर्नल संशोधकांनीच चालवलेलं आहे, नवीन आहे, चकचकीत नाही, पण जॉन प्रेस्किलचा २०१८ चा पेपर, ज्याने आजच्या अर्धवट गोंगाटी क्वांटम कॉम्प्युटरना एनआयएसक्यू हे नाव दिलं, तो तिथेच आला आणि सगळ्या जगाने तो उचलला.

आता मुख्य काम, सायटेशनची वाक्यं

त्या माणसाचे तीन पेपर निवडा. एक सगळ्यात जास्त सायटेशनचा, एक गेल्या चार-पाच वर्षांतला, आणि एक असा की ज्याला फार कुणी विचारलेलं नाही पण ज्यात त्याच्या विद्यार्थ्याचं नाव पहिलं आहे. प्रत्येकाखाली सायटेशनचा आकडा असतो त्यावर क्लिक करा, साइट करणाऱ्या पेपरांची यादी उघडते, आणि वर एक चौकोन असतो ज्यावर टिक केलं की फक्त त्या यादीतच शोधता येतं. तिथे त्या पेपरच्या मुख्य पद्धतीचं नाव टाका. हजार सायटेशनमधून ज्यांनी खरोखर ती पद्धत वापरली ते वीस-तीस वर येतात.

त्यातले काही उघडा, क्वांटमचं बहुतेक सगळं अर्काइव्हवर फुकट आहे आणि नसेल तर सरकारी कॉलेज किंवा विद्यापीठात असाल तर जानेवारी २०२५ पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शनमधून हजारो जर्नलं मिळतात. पीडीएफच्या शेवटी संदर्भ यादीत आपल्या माणसाचा नंबर बघा, समजा ४३, मग कंट्रोल-एफ दाबून तो कंसातला ४३ कुठे कुठे आलाय ते शोधा. तो ४० ते ५२ अशा गठ्ठ्यात लपलेला असू शकतो, म्हणून प्रस्तावनेतले गठ्ठे डोळ्यांनीच तपासा.

आता वाक्य वाचा. सगळ्यात जास्त सापडतात ती असली वाक्यं, की अलीकडे क्वांटम कोरिलेशनमध्ये खूप रस घेतला जातोय आणि मग बारा पेपरांचा गठ्ठा. याचा अर्थ एवढाच की लेखकाला हा पेपर माहीत आहे. त्याच्या वरची पायरी म्हणजे आम्ही अमक्याची पद्धत वापरून हे मोजलं, त्यांचं सूत्र आमच्या सिस्टिमला लावलं. असं एक वाक्य गठ्ठ्यातल्या पन्नास वाक्यांपेक्षा मोलाचं. मग आमचा निकाल त्यांच्याशी जुळत नाही, हे वाक्य. याला घाबरू नका, पण त्यावर मूळ माणसाने काय उत्तर दिलं ते शोधा, उत्तर दिलं का गप्प बसला यावरून माणूस कळतो. आणि थिअरीवाल्याच्या बाबतीत सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे एक्सपेरिमेंटवाल्याने त्याला साइट करणं. सिराक आणि झोलर यांनी १९९५ मध्ये कागदावर लिहिलं की ट्रॅपमध्ये पकडलेल्या आयनांनी क्वांटम गेट कसं बनवता येईल, आणि त्याच वर्षी अमेरिकेत एनआयएसटी या सरकारी मापन संस्थेत मनरो, वाइनलँड आणि मंडळींनी एका बेरिलियम आयनवर ते गेट करून दाखवलं. तिथलं सायटेशन म्हणजे कुणीतरी तुमच्या कागदावर विसंबून लेझर लावला असा अर्थ होतो.

साइट कोण करतंय तेही बघा. यादीत सतत तीच चार नावं, जुने विद्यार्थी, जुने सहकारी, असं असेल तर काम त्या वर्तुळाबाहेर गेलेलं नाही. दुसऱ्या देशातला, कधी एकत्र पेपर न लिहिलेला ग्रुप ते वापरत असेल तर बात वेगळी.

आणि पेपर अजून उभा आहे ना हे तपासा. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या ग्रुपचा मायोराना कणांवरचा २०१८ चा नेचरमधला पेपर मार्च २०२१ मध्ये लेखकांनीच मागे घेतला, पण त्याचे जुने सायटेशन कुठे जात नाहीत, आकड्यात तसेच बसून राहतात. प्रकाशकाच्या पानावर जाऊन रिट्रॅक्शनची पट्टी आहे का बघा, आकड्याच्या पानावर ती दिसेलच असं नाही.

उशिरा फुलणारे पेपर

आता बेलकडे येऊ. त्याचा तो पेपर १९६४ चा, फिजिक्स नावाच्या नव्या जर्नलात, सहा पानांचा. बेल तेव्हा सुट्टी घेऊन अमेरिकेत पाहुणा म्हणून राहत होता, फिजिकल रिव्ह्यूमध्ये छापायला पानामागे पैसे लागायचे आणि यजमानांकडे ते मागणं त्याला प्रशस्त वाटेना, म्हणून हे जर्नल. ते जर्नल चार-पाच वर्षांत बंदच पडलं. पेपरकडे फारसं कुणी फिरकलं नाही, पण कोलंबिया विद्यापीठातल्या जॉन क्लाउझर नावाच्या विद्यार्थ्याच्या हाती तो लागला, आणि १९६९ मध्ये हॉर्न, शिमोनी आणि होल्ट यांच्याबरोबर त्याने ती इनइक्वॅलिटी लॅबमध्ये तपासता येईल अशी करून दिली. मग १९७२ ला फ्रीडमन आणि क्लाउझरचं एक्सपेरिमेंट, १९८२ च्या आसपास पॅरिसजवळ ऑर्सेला अॅस्पेचं, १९९१ मध्ये एकर्टने त्यावर क्रिप्टोग्राफी उभी केली, २०१५ मध्ये डेल्फ्ट, व्हिएन्ना आणि एनआयएसटीने आधीच्या एक्सपेरिमेंटमधल्या मुख्य पळवाटा एकाच वेळी बंद करून ती इनइक्वॅलिटी मोडते हे परत दाखवलं, आणि २०२२ ला अॅस्पे, क्लाउझर, झायलिंगर यांना नोबेल. पेपरचा वर्षवार सायटेशनचा आलेख यासमोर ठेवून बघा, प्रत्येक चढाला एक कारण आहे. आज त्याचे सायटेशन हजारोंनी आहेत, त्यातले बहुसंख्य बेल गेल्यानंतरचे. १९६९ मध्ये बेलच्या बढतीचा निर्णय या पेपरच्या सायटेशनवर घेतला असता तर काय झालं असतं.

आणखी एक, बेलने १९६९ मध्येच जॅकिवबरोबर पायॉन दोन फोटॉनमध्ये कसा मोडतो यावर लिहिलं, ज्याला आज अॅनोमली म्हणतात, आणि पार्टिकलवाल्यांसाठी बेल म्हणजे आधी तो पेपर. इन्स्पायर मुळात पार्टिकल फिजिक्सवाल्यांसाठी आहे, त्यामुळे तिथे बघाल तर एक बेल दिसतो आणि क्वांटम इन्फर्मेशनच्या जगात दुसरा. दोन विषयांत पाय असलेल्या माणसाला एका डेटाबेसमध्ये मोजू नका.

आपल्याकडचं उदाहरण तर याहून चटका लावणारं आहे. शिवरामकृष्णन पंचरत्नम, सी. व्ही. रामन यांचे भाचे, १९५६ मध्ये बेंगळुरूला ध्रुवीकृत प्रकाशावर काम करताना त्यांनी एक फेज (लाटेच्या टप्प्यातला फरक) शोधली आणि ती इंडियन अकॅडमीच्या प्रोसीडिंगमध्ये छापली, वय जेमतेम बावीस. १९८४ मध्ये ब्रिस्टलच्या मायकेल बेरीने क्वांटम मेकॅनिक्समध्ये भूमितीतून येणारी फेज मांडली आणि जगभर गाजली. १९८६ मध्ये रामशेषन आणि नित्यानंद यांनी करंट सायन्समध्ये लिहिलं की अहो हे पंचरत्नम यांच्या कामात तीस वर्षांपूर्वी आलेलं आहे, आणि बेरीने १९८७ मध्ये स्वतः पेपर लिहून ते मोकळेपणाने मान्य केलं. आज पंचरत्नम-बेरी फेज म्हणतात आणि सपाट लेन्स बनवणारे लोक रोज ती वापरतात. पंचरत्नम १९६९ मध्येच गेले, पस्तिसाव्या वर्षी. यातलं काही त्यांनी पाहिलं नाही.

काही वेळा काम इतकं रुजतं की सायटेशन येणंच थांबतं. बोसॉन म्हणणारा कुणी सत्येंद्रनाथ बोस यांच्या १९२४ च्या पेपरचा संदर्भ देत नाही. ओपन सिस्टिमच्या (भोवतालाशी संबंध असलेल्या क्वांटम सिस्टिमच्या) ज्या इक्वेशनला सगळे लिंडब्लाड म्हणतात ते १९७६ मध्येच गोरिनी, कोसाकोव्स्की आणि आपले सुदर्शन यांनीही स्वतंत्रपणे दिलं होतं, सुदर्शन सुरुवातीची काही वर्षं मुंबईत टीआयएफआरला होते, पण घाईत लिहिणारा एकच नाव लिहितो आणि सायटेशन एकीकडेच जातात. म्हणून कुणाचं नाव एखाद्या थिअरमला, इक्वेशनला, प्रोटोकॉलला चिकटलंय का हेही शोधा, ते कुठल्याच आकड्यात येत नाही.

शेवटी काय लिहून ठेवायचं

एका माणसासाठी एक पान पुरे. पहिला पेपर कधीचा, कुठल्या डेटाबेसमधला एच आणि भागिले वर्षं किती, वरचा पेपर रिव्ह्यू आहे का, ज्यांनी खरोखर काम वापरलं असे तीन-चार ग्रुप कुठले, आणि विद्यार्थी पहिल्या नावाचे पेपर किती. यातली शेवटची ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. विद्यार्थ्यांची नावं वेगळी काढा, प्रत्येकाचं पीएचडीच्या काळातलं काम बघा, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी पहिला पेपर आलाय की पाचव्या, आणि पुढे ते काय करताहेत ते शोधा.

मग मेल. तुमचा एच-इंडेक्स, तुमचं महान काम असलं काही लिहू नका, त्यांचा एक पेपर घ्या, शक्यतो तो तिसरा, कमी विचारला गेलेला, आणि त्यातलं एक समीकरण किंवा एक आकृती धरून एक खरा प्रश्न विचारा, दहा ओळींत. आणि त्याच आठवड्यात त्यांच्या दोन जुन्या विद्यार्थ्यांनाही मेल टाका, एक अॅकॅडेमियात राहिलेला आणि एक बाहेर पडलेला, की गाइड किती वेळा भेटायचे, ड्राफ्ट किती दिवसांत वाचून परत यायचा, पेपरवर नावांचा क्रम कसा ठरायचा. बहुतेक जण उत्तर देतात, आणि फोनवर बोलू म्हणाले तर फोनवरच बोला, कारण काही गोष्टी लोक लिहून देत नाहीत.